उखर्डूवरची फुली

नूतन दुपारी साडेतीनला बाजारातून वार्निशचा डबा घेऊन परतली, तेव्हा टेबलावरच्या बारा उखर्डूंपैकी सात जणांच्या कपाळावर लाल फुली होती. रंग नुकताच वाळला होता. शेजारी खुर्चीत बन्सीलालमामा चष्मा पुसत बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर काम वेळेत उरकल्याचं समाधान होतं.

"पाच पास, सात रिजेक्ट," मामा म्हणाले. "वाईट नको वाटून घेऊ. पहिल्या लॉटला असं होतंच."

नूतननं डबा खाली ठेवला, मग ती स्वतःही खाली बसली. उद्या सकाळी अकराला पुण्याचा माणूस हे बारा उखर्डू बघायला येणार होता. त्याला ते आवडले तर ती जळगावात पिंप्राळ्याला मामांच्या घराच्या या मागच्या खोलीत राहून पुढची खेळणी करणार होती. नाही आवडले, तर सोमवारपासून धुळ्याच्या एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवणार होती. असा तह तिच्यात आणि तिच्या वडिलांत झाला होता. क्लासवाल्यांशी बोलून वडिलांनी, म्हणजे प्रेमराजअप्पांनी, तिच्या बसण्याची खुर्चीसुद्धा बघून ठेवली होती.

उखर्डू म्हणजे एक वांगं. भरताचं असतं तसं हिरवं, लांबट, फक्त उंचीला सहा सेंटिमीटर. त्याला दोन डोळे, खाली ओढलेलं तोंड आणि डोक्यावर देठाची टोपी. जवळच कुठेतरी भरतासाठी कपाशीच्या पऱ्हाट्या पेटल्याचा वास आलाय आणि आपल्याला पळायला पाय नाहीत, हे ज्याला नुकतंच कळलंय, असा त्याचा चेहरा. तो चेहरा जमायला नूतनला तीन महिने लागले होते. कॉम्प्युटरवर आकार घडवायचा, मग तो मशीनला द्यायचा. मशीनच्या टाकीत पातळ रेझिन असतं. खालून प्रकाश पडतो, जेवढ्यावर पडला तेवढंच घट्ट होतं, आणि असे बाराशे थर एकावर एक जमले की वांगं वटवाघळासारखं उलटं लटकत बाहेर येतं. निदान यायला हवं. पहिली अकरा आली नाहीत. कुणी टाकीच्या तळाला चिकटलं, कुणी अर्ध्यात सुटलं, कुणाला डोळेच फुटले नाहीत. बारावं धड निघालं तेव्हा रत्नामामी दारात उभी होती.

"याचं नाव उखर्डू ठेव," ती म्हणाली होती. "आमनाकडे ज्या बाईनं लेकरू जगत नही, ती लेकराले उकिरडावर लोळाडस आनि उखर्डू म्हनस. मंग त्याले कोनी नेत नही."

नाव लागू पडलं. उखर्डू जगला. आणि आता फुली घेऊन बसला होता.

"मामा," नूतननं शक्य तितक्या शांतपणे विचारलं, "हे का केलंत?"

"म्हणजे काय? तूच तर सांगितलं होतं."

हे खरं होतं, आणि तेच जास्त वाईट होतं. बन्सीलालमामा वरणगावच्या लष्करी फॅक्टरीत बत्तीस वर्षं तपासणी खात्यात होते. फॅक्टरीत काय बनतं ते त्यांनी मामीलाही कधी सांगितलं नाही, पण जे बनलं त्यातलं किती परत पाठवलं हे ते जेवताना सांगत. निवृत्त झाल्यावर त्यांच्या नजरेला काम उरलं नाही, म्हणून ती घरभर फिरू लागली. पोळीचा घेर, दुधाची साय, शेजाऱ्यांची लग्नपत्रिका, काहीच तपासल्याशिवाय सुटत नसे. महिन्यापूर्वी नूतनची वांगी एका बाजूला कलती निघत होती. मामांनी आपलं व्हर्निअर, म्हणजे जबड्यांत धरून मोजायचं साधन, आणून मशीनचा ओटा मोजला आणि दहा मिनिटांत दोष काढून दिला. त्या आनंदात नूतन म्हणून गेली, "मामा, यापुढं तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही उखर्डू घराबाहेर जाणार नाही." पाहुण्याला आपण म्हणतो ना, आता चार दिवस राहूनच जा, त्याच सुरात. हा पाहुणा खरंच राहायला आला.

"पाह्य," मामांनी एक फुलीवाला उचलला. "उंची साठ मिलिमीटर पाहिजे. अधिक-उणे पॉइंट दोन. हा साठ पॉइंट सहा आहे. हा दुसरा एकोणसाठ पॉइंट तीन. देठ सगळ्यांचे वेगवेगळे कललेले."

"ते मुद्दाम कललेत, मामा. देठ मी हातानं चिकटवते. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा दिसावा म्हणून."

"स्वभाव ड्रॉइंगमध्ये दाखवला होता का?"

नूतननं एक फुलीवाला हातात घेतला.

"पण फुली कशाला मारली? नुसते बाजूला ठेवायचे."

मामांनी तिच्याकडे जरा दयेनंच पाहिलं. "बाजूला ठेवलेला माल संध्याकाळी चांगल्या मालात मिसळतो. बत्तीस वर्षांत मी एकदाही मिसळू दिला नाही. फुली ऑइलपेंटची आहे, जात नाही."

ती खरंच जात नव्हती. नूतननं विचार केला, की खालचा रंग पाण्याचा, वरची फुली तेलाची. तेल विरघळवणारं जे काही आहे ते पाण्याच्या रंगालाही सोडणार नाही. हे तिला एम.एस्सी.पर्यंतच्या शिक्षणानं आधीच सांगितलं होतं, तरी तिनं छपाईनंतर वांगी धुवायच्या स्पिरिटमध्ये कापूस बुडवून एका उखर्डूच्या कपाळाला लावला. फुली हलली नाही. डोळे मात्र गेले, पाठोपाठ तोंड गेलं, आणि कापसावर हिरवट चिखल आला.

मामी मागून बघत होती. "इतलं टेन्शन कसाले लेस? राख लाईसन घासं तं करपेल कढई बी लख व्हस."

नूतन नको म्हणेपर्यंत दुसरा उखर्डू मामीच्या हातात गेला होता. नारळाच्या शेंडीनं आणि राखेनं मामीनं तो मोरीत असा घासला, की गालाचा रंग निघून आतलं राखाडी रेझिन उघडं पडलं. फुली फक्त जास्त चमकू लागली.

"तोंड गयं तं काय व्हयनं," मामी पहिल्याकडे बघून म्हणाली, "पोट तं चांगलं शे." मग दोघांना पदरात घेऊन ती गच्चीवर वाळवायला गेली, कारण ओली वस्तू घरात ठेवायची तिला सवय नव्हती.

तेवढ्यात अप्पांचा फोन आला.

"काय म्हणतात तुझी वांगी?"

"बरी आहेत."

"क्लासवाले विचारत होते, सोमवारी सकाळची बॅच घेशील का. मी हो म्हणून ठेवलंय. उद्या तुझं जमलं तर नाही म्हणू. हो म्हणून नाही म्हणता येतं, नाही म्हणून हो म्हणता येत नाही."

फोन ठेवून नूतन गच्चीवर पळाली, पण उशीर झाला होता. मे महिन्यातल्या जळगावच्या उन्हात जिन्यावरचा पत्रा तव्यासारखा तापला होता आणि मामीनं उखर्डूंना नेमकं त्यावर ठेवलं होतं. तिच्या रेझिनला साठ अंशांपुढं धीर राहत नाही. दोघांच्या देठांनी मान टाकली होती. एकाला तोंड नव्हतं, दुसऱ्याला गाल नव्हता, दोघांच्या कपाळाला फुली होती, आणि दोघंही आता खाली बघत होते.

शेजारी प्लास्टिकच्या कागदावर ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या वाळत होत्या. कागद वाऱ्यानं उडू नये म्हणून मामीनं एका कोपऱ्यावर वीट, दुसऱ्यावर लोणच्याची रिकामी बरणी, तिसऱ्यावर पाटा आणि कठड्यावर चढलेल्या चौथ्यावर मामांच्या व्हर्निअरची लाकडी पेटी ठेवली होती. नूतननं उखर्डू उचलले तोच वावटळ आली, कागदाचं टोक फडफडलं आणि पेटी कठड्यावरून खाली अंगणात गेली. मामी धावत उतरली, पेटी उघडून बघितली, पदरानं पुसली आणि मामा आत वर्तमानपत्र वाचत होते तेवढ्यात कपाटात जागच्या जागी ठेवून दिली. एरवी नूतननं त्याकडे लक्ष दिलं असतं. त्या वेळी तिच्या हातात दोन मान टाकलेली वांगी होती.

दुसऱ्या दिवशी योगेंद्र बरोबर अकराला आला. पुण्यात त्याचं मोठ्या माणसांनी जमवून मांडायच्या खेळण्यांचं दुकान होतं. हे कळल्यावर मामीनं पाण्याचा तांब्या देताना नूतनच्या कानात विचारलं, "मोठला मानसे खेळतस? मंग काम कोन करस?"

नूतननं पाच उखर्डू टेबलावर मांडले. उरलेल्यांचं खोकं तिनं पलंगाखाली ढकललं होतं. बारा सांगून पाच दाखवायचे, तर उन्हाळ्याचं, विजेचं, कशाचंतरी कारण द्यावं लागणार होतं. तिनं वीज निवडली होती.

योगेंद्रनं पाचही उचलून पाहिले. "छान आहेत," तो म्हणाला.

नूतनला तो सूर ओळखीचा होता. मुलगी बघायला आलेले लोक पोहे खाऊन असंच म्हणतात.

"सफाई चांगली आहे," तो पुढं म्हणाला. "फक्त, म्हणजे, थोडे एकसारखे वाटतात."

खुर्चीत मामांची छाती फुगली. "एकसारखे आहेतच. पॉइंट दोनच्या आत. आणि हे बघा, आम्ही लपवाछपवी करत नाही." ते खाली वाकले आणि पलंगाखालून खोकं ओढून त्यांनी टेबलावर पालथं केलं. "बाराचा लॉट होता. हे सात रिजेक्ट."

नूतननं डोळे मिटले. तिला धुळ्याचा फळा दिसला. त्यावर कुणीतरी आधीच तारीख घातली होती.

तिनं डोळे उघडले तेव्हा योगेंद्र तोंड नसलेल्या उखर्डूकडे बघत होता.

"ही फुली कोणी मारली?"

"मी," मामा म्हणाले.

"का?"

मामांनी सांगितलं. एकेक हातात घेऊन सांगितलं. हा पॉइंट सहानं जास्त, हा पॉइंट सातनं कमी, याचा गाल घरच्या माणसांनी काढला, या दोघांनी उन्हानं मान टाकली. योगेंद्र असा ऐकत होता जसं कुणी वारलेल्या नातेवाइकांबद्दल ऐकतो.

"म्हणजे हे खरोखर नापास झालेत," तो हळूच म्हणाला. "कुणीतरी मोजून, खरंच नापास केलंय यांना. बिचारे आधीच घाबरलेले, त्यात ही फुली." त्यानं पाच चांगले उखर्डू हातानं बाजूला सारले. "मला हे सात द्या. आणि पंधरा जूनपर्यंत असेच चाळीस. तेवढे गेले तर दर महिन्याला घेत जाईन."

नूतनला रडावं की हसावं कळेना. तेवढ्यात मामांनी सातही उखर्डू परत खोक्यात भरले.

"मिळणार नाहीत. रिजेक्ट माल बाहेर जात नाही. दोन साक्षीदारांसमोर फोडायचा असतो. तुम्ही आलातच आहात, तर एक साक्षीदार तुम्ही व्हा."

"मामा," नूतन म्हणाली. "बत्तीस वर्षांत असा माल एकदाही बाहेर गेला नाही?"

मामा प्रामाणिक होते. ते आठवू लागले. "एकदा गेला. पण तेव्हा घेणाऱ्यानं लेखी दिलं होतं. दोष मान्य आहेत म्हणून."

पंधरा मिनिटांनी योगेंद्रनं मामांच्या सांगण्याप्रमाणे वहीच्या कागदावर लिहून दिलं: सात नग सदोष वांग्यांचे दोष मला प्रत्येकी समजावून सांगण्यात आले असून मी ती स्वखुशीनं घेत आहे, पुढं तक्रार करणार नाही. मामीनं साक्षीदार म्हणून सही केली. बाहेर जाऊन ती पदर तोंडाला लावून हसली.

"चाळिसांचं मात्र सांगता येत नाही," मामा योगेंद्रला फाटकापर्यंत सोडताना म्हणाले. "दोष असेल तर फुली मारीन. नसेल तर नाही. आणि मुद्दाम केलेल्या दोषाला रिजेक्शन नाही म्हणत. फसवणूक म्हणतात."

अप्पांनी क्लासवाल्यांना पंधरा जूनपर्यंत थोपवलं. "चाळीस गेले तर राहा," ते म्हणाले. "नाहीतर सोळाला एस.टी. धर."

नूतन निर्धास्त होती. देठ हातानं चिकटवायचे म्हटल्यावर चाळिसांतले पंचवीस तरी नापास होणारच, बाकीच्यांसाठी आणखी छापता येतील. पण तिनं मामांचा हिशेब धरला नव्हता. भाचीचे सात नग रिजेक्ट करावे लागले याचं मामांना आतून वाईट वाटत होतं. चौथ्या दिवशी त्यांनी सागाच्या तुकड्याचा एक साचा करून आणला. त्यात वांगं उभं केलं आणि वरून देठ दाबला, की तो दर वेळी तेवढाच खोल, त्याच कोनात बसे.

"आता बघ," ते म्हणाले. "एक पण रिजेक्ट होणार नाही."

त्यांनी तो साचा पॉलिश केला होता. आत बनातीचं मऊ हिरवं कापड लावलं होतं. तो नको म्हणणं नूतनच्यानं झालं नाही. ती तीन दिवस एकसारखे उखर्डू करत राहिली आणि चौथ्या दिवशी मामा भाजी आणायला गेले असताना तिनं एक पाप केलं. कॉम्प्युटरवर तिनं वांग्याची उंची पॉइंट चारनं कमी केली. साठऐवजी एकोणसाठ पॉइंट सहा. आधीचे बाजूला ठेवून तिनं नवे चाळीस छापले, धुतले, रंगवले. मुद्दाम केलेल्या दोषाला काय म्हणतात ते तिला पाठ होतं, पण धुळ्याच्या सकाळच्या बॅचला काय म्हणतात तेही ठाऊक होतं.

चौदा जूनला दुपारी मामा तपासणीला बसले. एकेक उखर्डू व्हर्निअरच्या जबड्यात धरायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा, वाचायचं, खाली ठेवायचं. नूतन दाराला टेकून लाल रंगाच्या डबीकडे बघत होती. डबीचं झाकण उघडलंच नाही.

"साठ," मामा म्हणत होते. "साठ. साठ. साठ पॉइंट शून्य पाच. साठ."

चाळिसावा ठेवून ते उठले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. "चाळीसच्या चाळीस पास. पोरी, बत्तीस वर्षांत असा लॉट मी दोनदा पाहिला असेल." त्यांनी खिशातून शंभराची नोट काढून तिच्या हातावर ठेवली आणि पेढे सांगायला मामीकडे गेले.

नूतन टेबलासमोर बसली. चाळीस उखर्डू तिच्याकडे बघत होते आणि त्यांच्यात नि तिच्यात फारसा फरक उरला नव्हता. सकाळी योगेंद्रचा माणूस माल न्यायला येणार होता. परवाची एस.टी. साडेसहाची होती. पण रडू येण्याआधी तिला दुसराच एक विचार आला, कारण ती तशीच मुलगी होती. एकोणसाठ पॉइंट सहा ही साठ भरतेच कशी? तिनं स्वतः कमी केलेले पॉइंट चार गेले कुठं?

तिनं व्हर्निअर उचललं, जबडे पूर्ण मिटले आणि खिडकीशी नेऊन पाहिलं. मिटलेल्या जबड्यांनी शून्य दाखवायला हवं. ते पॉइंट चार दाखवत होतं.

तिला अंगणात पडलेली पेटी आठवली.

आता सगळं सोपं होतं आणि अजिबात सोपं नव्हतं. मामांना सांगितलं तर चाळीस फुल्या मिळणार होत्या. पण बत्तीस वर्षं ज्यांनी मोजण्यात चूक केली नाही, त्यांना सांगायचं कसं, की आज चाळीस वेळा केली? न सांगावं, तर तिला बॅच होती आणि मामांना पेढे होते. तिनं व्हर्निअर दोनदा खाली ठेवलं आणि दोनदा उचललं.

मामा चहा घेऊन आले.

"मामा, आमचे सर पहिल्याच प्रॅक्टिकलला एक प्रश्न विचारायचे," नूतन बशीकडे बघत म्हणाली. "मोजायच्या आधी काय करायचं?"

"झिरो पाहायचा," मामा म्हणाले, आणि त्यांचा कप तोंडाशीच थांबला.

ते उठले. जबडे मिटून खिडकीशी गेले. मग त्यांनी मामीला हाक मारली.

"पडनी व्हती ती," मामी दारातूनच म्हणाली. "बिबड्यासना दिवसे. मी पुशीसन ठेई दिधी. मोडेल तं नव्हती."

मामांनी लाल डबीचं झाकण काढलं, ब्रश बुडवला आणि व्हर्निअरच्या दांडीवर एक सावकाश, नेटकी फुली मारली. मग ते चपला घालून बाहेर पडले. गल्लीच्या टोकाला त्यांच्याच खात्यातले पुना पाटील राहत. त्यांचं व्हर्निअर मागून आणून, झिरो तीनदा बघून, ते पुन्हा पहिल्या उखर्डूपासून बसले.

संध्याकाळपर्यंत चाळिसावी फुली पडली. मामांनी ब्रश पुसला. ते एकदम थकलेले दिसत होते.

"चाळीसच्या चाळीस रिजेक्ट," ते म्हणाले. "सगळे पॉइंट चारनं कमी. असा लॉट मात्र मी कधी पाहिला नाही."

नूतननं मान खाली घातली.

"एक सांगू? राग नको मानू." मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तो पुण्याचा माणूस लेखी देईल आणि हे चाळीस नेईल, ते ठीक. पण हे काम तुझ्या हाताला नाही, पोरी. दाजी म्हणतात तेच बरोबर. तू फिजिक्स शिकव. झिरो पाहायचा तुला लक्षात राहिलं, मला नाही राहिलं."

पुढचा सगळा वेळ नूतनला एकच काम होतं, हसू न येऊ देणं. ते सगळ्या बाजूंनी येत होतं. तिनं समोरच्या चाळीस चेहऱ्यांवर नजर रोखली आणि तीन महिने खपून शिकलेलं तोंड स्वतःच करून बघितलं. ओठांचे कोपरे खाली, भुवया वर, डोळे जरा पसरलेले.

मामांनी धुळ्याला फोन लावला होता.

"दाजी, एक पण पास नाही," ते दबक्या आवाजात सांगत होते. "हो, समोरच बसलीय. आज तिला काही बोलू नका. फार खचलीय. वांग्यासारखं तोंड झालंय पोरीचं."